दर सेंटीमीटरला दोन दिवस

"दिसला तो रफू नव्हे रे बाबा, ते ठिगळ," असं आत्या म्हणायची. तिला जाऊन चाळीस वर्षं झाली, पण रफूमास्तरांनी सुईत दोरा ओवला की तो आवाज अजून येऊन कानाशी बसायचा. कापड मांडीवर घेऊन ती स्वतःशीच गुणगुणायची:

फाटलं फाटलं । कुणा नाही सांगायाचं
सुईच्या पाठीमागं । दोऱ्यानं गं रांगायाचं

मास्तरांनी हे दोन चरण कामापुरते ठेवले नाहीत, जगण्यालाही लावले. एकतीस वर्षं ते शासकीय वस्त्रदुरुस्ती कार्यालयात रफू करत होते. सगळ्या खात्यांचे फाटके पडदे, खुर्च्यांचे अभ्रे, पहारेकऱ्यांचे कोट आणि आणीबाणीचे तंबू तिथे यायचे आणि मास्तरांच्या हाताखालून धड होऊन परत जायचे. एकदा एका बड्या साहेबांचा सिगारेटनं जळालेला कोट आला. मास्तरांनी त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे काढले आणि चार दिवस डोळ्यांत तेल घालून भोक बुजवलं. साहेबांनी भिंग घेऊन शोधलं. त्यांना काही सापडलं नाही, तेव्हा त्यांनी शेरा मारला: "काम न करताच वस्तू परत केल्याचे दिसते." मास्तरांनी तो कागद कपाटात जपून ठेवला. आत्या असती तर तिनं त्याला हळदीकुंकू वाहिलं असतं.

अशा माणसाच्या पोटात गाठ निघाली, तीही कुणाला न सांगता. दुखणं नाही, खुपणं नाही. वार्षिक तपासणीत पोटाचं चित्र काढलं, तेव्हा उजव्या मूत्रपिंडाच्या कडेला लिंबाएवढी बसलेली दिसली. डावं मूत्रपिंड जन्मापासूनच सुकल्या बोरासारखं, नावापुरतं. म्हणजे घरात दिवा एकच, आणि त्यालाच काजळी.

सर्जन तरुण होते आणि आनंदी होते. त्यांनी कागदावर मूत्रपिंड काढलं, गाठ काढली आणि मग पाच टिंबं दिली. पूर्वी या कामाला बरगडीपासून बेंबीपर्यंत माणूस उघडावा लागे, आता पाच भोकांत भागतं, असं त्यांनी समजावलं. यंत्राचे चार हात आत जातील, गाठ तेवढी कापतील, बाकीचं मूत्रपिंड शिवून जागच्या जागी ठेवतील. ते स्वतः त्याच खोलीत कोपऱ्यात बसून, पेटीत डोळे घालून ते हात चालवतील.

मास्तरांच्या बायकोनं हे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्ही कोपऱ्यात. मग यांच्यापाशी कोण?"

"यंत्र."

"आणि यंत्राला काही अडलं तर?"

"ते मला विचारतं."

"आणि आम्हाला तुम्हाला काही विचारायचं असलं तर?"

त्यासाठी तळमजल्यावर खिडकी आहे, असं सर्जन म्हणाले.

मास्तरांचं मात्र लक्ष भिंतीवरच्या पडद्याकडे होतं. तिथे यंत्राचा हात शिवत होता. बोटाच्या पेराएवढं मनगट, तेही सगळ्या बाजूंनी वळणारं. सुई धरली, कडेला टेकवली, वळली, दोरा ओढला. ना घाई ना कुचराई. आत्या अशीच शिवायची. फरक इतकाच की आत्याला दोन हात होते आणि ती मध्येच चहा मागायची. "हात चांगला आहे," मास्तर म्हणाले, आणि संमतीपत्रावर सही केली.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. रक्त सतरा मिनिटं थांबवलं, तेवढ्यात गाठ सुटली आणि खाच दोन थरांत शिवली गेली. बाहेर आठ-आठ मिलिमीटरची चार भोकं, आणि गाठीला बाहेर पडायला दोन सेंटीमीटरची एक वाट. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना सर्जननी ताकीद दिली, आणि ती देताना त्यांचा आनंदी चेहरा जरा उतरला.

"काका, सहा आठवडे पाण्यानं भरलेल्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही. बाहेरून तुम्ही ठणठणीत दिसाल, त्याला भुलू नका. आतले टाके कोवळे आहेत. सुटले तर आतल्या आत रक्त जाईल, आणि मग ही किडनीही काढावी लागेल. मग मागे काही उरत नाही."

घरी माणसं भेटायला आली. आल्या आल्या त्यांची नजर मास्तरांच्या पोटावर जायची, मास्तर सदरा वर करायचे, आणि पाहुण्यांच्या तोंडावर अशी निराशा पसरायची की बायकोला उगाच ओशाळल्यासारखं व्हायचं. "एवढंच?" असं शेजारीण म्हणाली. मेव्हण्यानं तर सदरा वर केला तो स्वतःचाच. त्याचा बावीस वर्षांपूर्वी मुतखडा काढला होता, कमरेला वळसा घालणारी चोवीस सेंटीमीटरची शिवण होती, आणि ती तो लग्नातल्या फोटोसारखी दाखवायचा.

"याला म्हणतात ऑपरेशन, भाऊजी. अठ्ठेचाळीस दिवस रजा मिळाली होती. घराला रंग काढला मी त्या रजेत, शिडीवर चढून."

अठ्ठेचाळीस हा आकडा मेव्हण्याच्या मनचा नव्हता. सर्व कार्यालयांना लागू असलेला विश्रांती नियम सतरा (ख) तसाच आहे: जखमेच्या दर सेंटीमीटरला दोन दिवस, कमाल पंचेचाळीस. (मेव्हण्याच्या वेळी कमाल नव्हती. ती मेव्हण्यामुळे आली.) नियम करणारे शहाणे होते. त्या काळी आत जायचं म्हणजे बाहेरून उघडावंच लागे, आणि जखम लांब तर विश्रांती लांब, हे कुणालाही पटावं इतकं सरळ होतं. दुखणं मोजता येत नाही, लांबी येते. दुखण्याबद्दल माणूस खोटं बोलतो, सेंटीमीटर बोलत नाही.

घरी आल्यापासून पाचव्या दिवशी, पोटाला हात लावून, मास्तर विश्रांती मंजुरी कक्षात गेले.

कक्ष पहिल्या मजल्याच्या टोकाला होता. एक टेबल, त्यावर काच, काचेखाली नियम; एक बाक, बाकापुढे हिरवा पडदा. पडदा सहा वर्षांपूर्वी मास्तरांनीच रफू केला होता. बाकावर आडवं पडून त्यांनी ती जागा शोधली, आणि ती सापडेना तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं.

मोजणाऱ्या बाईंचं पदनाम "मापन अधिकारी (देह)" असं होतं. सगळे त्यांना पट्टीबाई म्हणत. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, आणि केस असे ओढून बांधलेले की जणू तेही नियमानं. पट्टीबाईंबद्दल डबा खाताना रोज एक तरी विनोद व्हायचा. त्या नवऱ्यालाही फीत लावूनच जेवायला वाढतात, असं कुणी म्हणायचं. सगळ्यांत लाडका विनोद त्यांच्या रजेचा होता. सत्तावीस वर्षांत बाईंनी एकदाच रजा घेतली, सलग तीन दिवस, आणि अर्जात कारणाच्या रकान्यात आडवी रेघ मारली. "बाईंनी बहुतेक स्वतःला मोजलं आणि दीड सेंटीमीटर भरल्या," असं मुकादम म्हणायचा. यावर हसू आलं नाही असा माणूस कार्यालयात नव्हता. मास्तरांनाही यायचं, आणि आपल्यालाही यावं इतका तो बरा विनोद आहे.

बाईंनी कापडी फीत काढली. फीत जुनी होती. शून्याचं टोक झिजून पार गेलं होतं. ती एकपासून सुरू व्हायची आणि बाई मागून एक वजा करायच्या. पाचही जखमांना त्यांनी फीत लावली, बोटं गार होती पण हात हलका होता.

"पाच पूर्णांक दोन. म्हणजे दहा दिवस. अपूर्णांक सोडतात. हॉस्पिटलातले तीन त्यातच, घरी सात. आठव्या दिवशी हजर."

"बाई, शिवण आत आहे."

"आतलं कक्षाच्या अखत्यारीत येत नाही."

"दुखतंय का वगैरे काही रकाना...?"

"इतर तक्रार म्हणून आहे. आहे काही?"

दुखत होतं. खोकला आला तरी आत कुणी सुतळी ओढल्यासारखं व्हायचं. पण एकतीस वर्षांत मास्तरांनी कुठल्याही कागदावर दुखतंय असं लिहिलं नव्हतं. आत्या कानाशी येऊन बसली. कुणा नाही सांगायाचं.

"नाही," मास्तर म्हणाले. बाईंनी "नाही" लिहिलं.

एवढ्यात कक्षप्रमुखांनी सर्जनचं प्रमाणपत्र वाचायला घेतलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. प्रमाणपत्रात छापील वाक्य होतं, "ही शस्त्रक्रिया मी स्वहस्ते केली." सर्जन प्रामाणिक माणूस. शिवाय यंत्राचा त्यांना अभिमान. त्यांनी "स्वहस्ते" खोडून त्या जागी "यंत्राद्वारे" असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

कक्षप्रमुखांनी चष्मा काढला. माणसानं कापलं तर ती शस्त्रक्रिया, यंत्रानं कापलं तर तो अपघात. व्याख्या स्पष्ट आहे, असं ते म्हणाले. हा कागद इथे आलाच कसा याचं त्यांना नवल वाटलं. मास्तरांना खालच्या मजल्यावर अपघात विभागात धाडण्यात आलं. तोवर वर मोजलेले दहा दिवस तात्पुरते समजावेत, असाही शेरा पडला.

अपघात विभागाचे कारकून सहृदय होते. त्यांनी मास्तरांना खुर्ची दिली, छापील फॉर्म पुढे ओढला आणि एकेक प्रश्न स्वतः वाचून दाखवला.

"यंत्र चालू असताना आपण त्याच्या जवळ गेलात?"

"मला नेलं."

"अंगावर सैल कपडे होते?"

"हिरवा गाऊन होता. मागं नाड्या."

"म्हणजे सैल. डोक्याला टोपी?"

"होती की. कागदी."

कारकुनांनी हळहळून मान हलवली. "यंत्र लागलं त्या क्षणी आपण काय करत होता?"

"झोपलो होतो."

पेन थांबलं. "चालू यंत्राजवळ?"

"झोपवलं होतं हो मला. भूल दिली होती."

"नशेत," असं पुटपुटत कारकुनांनी लिहिलं. मास्तरांनी सांगायचा प्रयत्न केला, की हे सगळं मुद्दाम केलेलं होतं, बरं होण्यासाठी. "मुद्दाम" हा शब्द कारकुनांनी फॉर्मवर घेतला नाही, तेवढा त्यांचा मोठेपणा. तो घेतला असता तर पोलिसात जावं लागलं असतं, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी घरी लिफाफा आला. कर्मचारी चालू यंत्राजवळ, सैल वस्त्रांत, गुंगीच्या अमलाखाली झोपलेला आढळला, हे त्यानं स्वतःच मान्य केल्याचं त्यात लिहिलं होतं, आणि सात दिवसांत खुलासा मागितला होता. विश्रांतीबाबत: निष्काळजीपणामुळे झालेल्या इजेला विश्रांती देय नाही, तथापि सहानुभूतीपूर्वक विचार करून वरच्या मजल्यावर मोजलेले दहा दिवस कायम.

बायकोनं लिफाफा दोनदा वाचला. ती हसली नाही. कणीक मळावी तसा तो कागद मुठीत मळला आणि म्हणाली, "त्या डॉक्टरला म्हणावं, एवढं कोपऱ्यात बसून केलंत, तर आता जवळ या आणि बाहेरून हातभर चिरून द्या. कातडीपुरतं. होऊन जाऊ दे यांच्या मनासारखं."

ती रागानं बोलली होती. मास्तरांनी ते विचारात घेतलं. रात्रभर त्यांनी हिशोब केला: एकवीस सेंटीमीटर म्हणजे बेचाळीस दिवस, म्हणजे सहा आठवडे. वरवरची चीर पंधरा दिवसांत भरेल. आतला दिवा वाचेल. ज्या माणसानं आयुष्यभर फाटलेलं नाहीसं केलं, तो सातव्या दिवशी सकाळी, धड कातडं फाडून द्या असं सांगायला दवाखान्यात गेला.

दवाखान्याच्या दालनात एक पाटी होती: "या महिन्यातील सरासरी छेद: ०.९ सेंमी." शेजारी गेल्या महिन्याचा आकडा होता आणि खाली जाणारा बाण होता. सर्जननी मास्तरांचं म्हणणं शांतपणे ऐकलं. मग ते खुर्चीत मागे टेकले.

"काका, लोक लहान भोकासाठी महिनामहिना रांगेत थांबतात. आणि तुम्ही मला एकवीस सेंटीमीटर मागता? वरती कळलं तर माझं यंत्र दुसऱ्याला देतील."

"त्यांना आतलं दिसत नाही, डॉक्टर."

"आतलं कुणालाच दिसत नाही." सर्जन हे जरा वेगळ्याच आवाजात बोलले. "इथे पाटीवर बाहेरचाच आकडा लागतो. मी आत काय शिवलं, ते कुणी विचारत नाही."

मास्तरांनी विचारलं. "दोरा किती गेला?"

"दोन दोरे. पंधरा-पंधरा सेंटीमीटरचे."

"एवढ्या खाचेला? दोन थरांत?" मास्तरांनी मनातल्या मनात शिवून पाहिलं. "जपून वापरलात. माझ्या हातून चाळीस गेला असता."

सर्जन पुढे झुकले. त्यांनी एक कोरा कागद ओढला, त्यावर "अंतर्गत शिवण, दोन थर, एकूण दोरा तीस सेंमी" असं लिहिलं, सही केली, आणि दारापर्यंत सोडायला आले. एवढे जवळ ते पहिल्यांदाच आले होते.

आठव्या दिवशी मास्तर कामावर हजर झाले, कारण कागद खिशात असला तरी तो मंजूर व्हायला कक्ष उघडा लागतो, आणि कक्ष त्या दिवशी बंद होता. कक्षप्रमुख बैठकीला गेले होते. जखमांची सरासरी लांबी दर वर्षी घटत असल्यानं कर्मचाऱ्यांचं आरोग्य सुधारत आहे, असं निष्पन्न झालं होतं. तेव्हा दोन दिवसांचा दर दीडवर आणावा का, यावर ती बैठक होती.

मुकादमानं मास्तरांना आपादमस्तक न्याहाळलं. "मास्तर, तेज आलंय हो तोंडावर. रजा मानवली." मग पायानंच गठ्ठा पुढे सरकवला. तंबूच्या कापडाचा गठ्ठा, अठरा किलोचा. तो टेबलावर घेतल्याशिवाय भोकं दिसत नाहीत. रोज मास्तरच घ्यायचे.

मास्तरांनी गठ्ठ्याकडे पाहिलं. अठरा किलो म्हणजे नऊ किटल्या. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण सदरा वर करून पाच टिंबं दाखवायची, आणि मुकादमाच्या तोंडावर ती निराशा बघायची, आणि मग उद्या डबा खाताना पट्टीबाईंच्या शेजारी आपलाही विनोद मांडला जाणार. त्यांनी वाकून गठ्ठा उचलला. टेबलावर ठेवला. आत कुठेतरी ताणलेला दोरा आणखी एक पीळ खाऊन थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लघवी लाल झाली. नवं तांबडं कापड भिजत घातल्यावर पहिलं पाणी निघतं, तशी. मास्तरांनी वरून दोन तांबे ओतले आणि सगळं स्वच्छ, न दिसेल असं केलं. बाहेर आल्यावर बायकोनं विचारलं, "बरं आहे ना हो?" त्यांनी हो म्हटलं. त्या दिवशीही कक्षाला कुलूप होतं. ते मुकाट टेबलाशी बसून रफू करत राहिले. दहाव्या दिवशी पुन्हा लाल झाली, आणि त्या दिवशी कक्ष उघडा होता.

आत पट्टीबाई एकट्याच होत्या. खुर्चीच्या पाठीवर त्यांची राखाडी शाल होती. मास्तर कापड विसरत नसत. पुष्कळ वर्षांपूर्वी हीच शाल बाईंनी त्यांच्या टेबलावर आणून ठेवली होती. एका टोकाला, मूठभर जागेत, बोटं घालून घालून उसवावी तशी ती फाटली होती. मास्तरांनी तिच्याच किनारीतून लोकर काढून ती विणून दिली होती. एवढं नाजूक काम त्यांनी त्या वर्षात दुसरं केलं नव्हतं.

मास्तरांनी सर्जनचा कागद टेबलावर ठेवला. शेजारी खिशातून पांढरा दोरा काढून सरळ केला, पंधरा आणि पंधरा. "एवढा आत आहे, बाई. आमच्याकडे रफू भोकावरून मोजत नाहीत. दोऱ्यावरून मोजतात."

"नियमात दोरा नाही."

"नियमात काय आहे?"

बाईंनी काचेखालचा नियम वाचला. सत्तावीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच तो अक्षर लावून वाचला. "जखमेची लांबी."

"कुठल्या बाजूनं, ते आहे?"

ते नव्हतं. बाईंनी फीत काढली आणि, कुणी बघत नाही ना असं दाराकडे एकदा बघून, दोऱ्याला लावली. एकतीस. एक वजा केला. तीस. त्यांनी आकडा लिहिला नाही, पेन मात्र हातात धरून ठेवलं. मग सवयीनं पुढचा रकाना विचारला, आणि उत्तर माहीत असल्यामुळे "नाही"तला "ना" लिहूनही टाकला.

"इतर तक्रार?"

आत्या कानाशी येऊन बसली होती. मास्तरांनी तिला पहिल्यांदाच जरा सरकून बस म्हटलं.

"आहे," ते म्हणाले. "दुखतंय. पहिल्या दिवसापासून दुखतंय. परवा तंबूचा गठ्ठा उचलला. काल लघवी लाल झाली, आज परत झाली. घरी सांगितलं नाही."

बाईंनी "ना" कडे बघितलं. तो खोडला. मग भराभर लिहीत गेल्या: तीस अधिक पाच पूर्णांक दोन, गुणिले दोन, कमाल पंचेचाळीस. शिक्का शाईवर दाबला आणि कागदावर असा मारला की काच हलली.

"पंचेचाळीस दिवस. इथून थेट डॉक्टरांकडे जायचं, चालत नाही, रिक्षानं. घरी इथूनच फोन करा आणि आत्ता मला जे सांगितलं ते सगळं सांगा."

"बाई, वर विचारलं तर?"

"सांगेन की फितीला शून्य उरलेलं नाही. केव्हापासून मागतेय नवी."

मास्तरांनी फोन केला. सगळं ऐकून तिकडून बायको फक्त "निघाले" म्हणाली. मास्तरांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि टेबलाचा आधार घेत उठले. बाईंनी पाठीमागची शाल ओढून मांडीवर घेतली होती. तिचं एक टोक त्या बोटांनी चाचपत होत्या, जिथे रफू होता त्याच्या आसपास, पण नेमकी जागा त्यांना लागत नव्हती.

"मला चौथा महिना होता," पट्टीबाई म्हणाल्या. "शालीखाली कुणाला दिसलं नव्हतं. गेलं तेव्हा टाका एकही पडला नाही. मी स्वतःच नियम लावून बघितला, शून्य सेंटीमीटर आलं. चौथ्या दिवशी याच खुर्चीत येऊन बसले, आणि दिवसभर लोकांना मोजलं."

मास्तर उभेच राहिले.

"रफू फार सुंदर केलात हो तुम्ही. कुठे फाटली होती, ते मलासुद्धा सापडत नाही. पण एवढी फाटली कशी, ते तुम्हीही विचारलं नाहीत, मास्तर."